कापसाच्या भिंती

मार्गशीर्ष लागला की बीड-परळी रस्त्याच्या कडेच्या बाभळी पांढऱ्या होतात. शिगोशीग भरलेले कापसाचे टेम्पो जातात, फांद्या त्यांना बोचकारतात आणि काट्याकाट्याला पुंजके अडकून राहतात. गेल्या आठवड्यात आमच्याकडे बदली होऊन आलेला एक जण मोटारसायकल थांबवून त्याचा फोटो काढत होता. "काय सुंदर दिसतंय ना सर!" म्हणाला. मी म्हणालो, "दुसऱ्याच्या मालातून ओरबाडलेलं आहे ते." तो हसला. मी विनोद केला नव्हता. पण लोकांना माझं बोलणं विनोद वाटतं किंवा खडूसपणा वाटतो, तिसरं काही वाटत नाही.

मी वडवणीत राहतो, इथल्या आयटीआयत पोरांना वायरमनचं काम शिकवतो. वय पन्नाशीला टेकलं. दारू नाही, पत्ते नाहीत, एकच नाद आहे, आवाजाचा. गाण्याचा म्हणत नाही. गाण्यातलं मला फारसं कळत नाही, सूर कुठला नि ताल कुठला विचारलं तर मी मान खाली घालीन. मला आवाज कुठून येतो याचा नाद आहे.

हे समजावून सांगताना मी आजवर अनेकदा तोंडघशी पडलो आहे, तरी सांगतो. दोन स्पीकर असतात, एक डावा, एक उजवा. दोन्हींतून एकच आवाज सारख्या जोरानं आला आणि तुम्ही दोघांपासून सारख्या अंतरावर बसलात, तर तो आवाज डावीकडून येत नाही आणि उजवीकडूनही येत नाही. मधून येतो. जिथं काहीच नाही, नुसती भिंत आहे, तिथं माणूस उभा राहून गायला लागतो. डोळे मिटले की बोट दाखवून सांगता येतं, ही इथं गाणारी बाई, हा तिच्या उजव्या हाताला पेटीवाला, हा जरा खाली बसलेला तबलजी. यालाच स्टिरिओ म्हणायचं. बाकी लोक ज्याला स्टिरिओ म्हणतात तो दोन ठिकाणांहून येणारा गोंगाट असतो.

आमच्याकडे मिरवणुकीत डीजेच्या भिंती येतात. खोक्यावर खोकं रचून ट्रॅक्टरभर उंच. त्यात आवाज किती मोठा एवढंच बघायचं. छातीत धडधडलं, खिडकीची काच थरथरली की लोक म्हणतात, "काय सेटिंग हाय!" मला त्या माणसांचा राग येतो. कित्येक वर्षं मी तो राग फार पवित्र समजत होतो. मी बारीक ऐकणारा, ते आडदांड. आज तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण राग गेला आहे असंही नाही. राग आहेच, फक्त कुणावर काढायचा ते कळत नाही.

माझे स्पीकर मी स्वतः केले. प्लायवूड कापून, आत लाकडी आडण्या देऊन, बोटानं ठोकलं तर खोकं बोलू नये इतकं घट्ट. पहिल्या जोडीला मी पुढच्या कडा धारदार ठेवल्या होत्या, कपाटाला असतात तशा. दिसायला ऐटबाज, पण बारीक आवाज त्या कडांवर आपटून फुटायचा आणि कान सांगायचा, आवाज खोक्यातून येतोय. ज्या स्पीकरकडे बोट दाखवता येतं तो स्पीकर फसला. मग दुसऱ्या जोडीच्या कडा कानशीनं घासून घासून गोल केल्या. बारीक आवाजाचा ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावा म्हणून लोखंडी अँगलचे स्टँड वेल्ड करून घेतले. दोन्ही खोकी भिंतीपासून पुढे ओढली, कारण भिंतीला चिकटलं की खालचा आवाज फुगतो. दोघांची तोंडं किंचित आत वळवली. एकदा एका खोक्याची तार उलटी जोडली गेली. आवाज सगळा येत होता, पण मधली बाई नाहीशी झाली, खोलीभर धुरासारखी पसरली. दोन्ही स्पीकरांचे थरथरणारे कागदी पडदे एकाच वेळी पुढं यायला पाहिजेत. एक पुढं आणि एक मागं गेला की मधलं माणूस मरतं.

आणि इतकं सगळं करून शेवटी ऐकू यायचं एकाच खुर्चीत. एका वीतभर जागेत. डोकं जरा डावीकडे गेलं की सगळी मैफल डाव्या खोक्यात जाऊन बसायची. त्या खुर्चीचे पाय कुठं ठेवायचे त्याच्या खुणा मी फरशीवर बायकोच्या नेलपॉलिशनं केल्या होत्या.

"दोन खोकी आन एक खुर्ची," माझी बायको सुनंदा म्हणायची. "बाकीच्यांनी काय भिंतीला टेकून मरावं?"

"तू ये की, बस."

"आन तुमी?"

मी उभा राहीन असं म्हणायला पाहिजे होतं. ती एकदा बसली, तर मी मागून तिचं डोकं धरून सरळ करत राहिलो. "न्हाव्याकडं बसल्यासारखं वाटतंय," म्हणून ती उठून गेली ती पुन्हा बसली नाही.

खोली मात्र माझ्या विरुद्ध होती. सिमेंटच्या भिंती, गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, एका बाजूला काचेचं शोकेस, दुसऱ्या बाजूला रस्त्यावर उघडणारं लोखंडी दार. टाळी वाजवली की रिकाम्या टाकीत खडा पडल्यासारखी परत यायची. स्पीकरमधून निघालेला आवाज सरळ कानाशी येतो, तसाच बाजूच्या भिंतीवर आपटूनही येतो, कणभर उशिरा. कानाला तेवढा उशीर कळत नाही, पण जागा चुकते. मग बाई मध्ये उभी राहण्याऐवजी शोकेसमध्ये शिरते. मी त्या शोकेसला, त्यातल्या स्टीलच्या ग्लासांना, सासरकडून आलेल्या काचेच्या मोराला अशा शिव्या दिल्या आहेत की सुनंदानं एकदा विचारलं, "ह्या मोरानं तुमचं काय घोडं मारलंय?"

आणि मग एका वर्षी कापूस आला.

दत्ता माझा धाकटा भाऊ. शेती तो बघतो, गावाकडच्या पत्र्याच्या घरात राहतो. त्या वर्षी वादळानं त्याच्या घराचे पत्रे उचलले होते. एका सकाळी टेम्पो दारात उभा राहिला आणि दत्ता चप्पल बाहेर काढून उंबऱ्यात उभा.

"आण्णा, वेचणी तर झाली. पण ठिवायचा कुठं? उंदरं लई झालेत. तुमच्या पुढच्या खोलीत टाकू का? पंधरा-ईस दिवसाचा सवाल हाय."

आमच्याकडे कापूस घरातच ठेवतात. पांढरं सोनं म्हणा, लक्ष्मी म्हणा. चांगल्या चांगल्यांच्या बैठकीत हिवाळाभर स्लॅबपर्यंत कापूस असतो आणि पाहुण्याला चहा स्वयंपाकघरात मिळतो. पहिल्या ढिगाला सुनंदानं हळदकुंकू लावलं. मी एकच अट घातली, खोकी जागची हलणार नाहीत. दत्तानं खोक्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "देवाला कोण हालवतंय?" मग त्यानं आणि टेम्पोवाल्यांनी कापूस तिन्ही भिंतींना लावून वरपर्यंत चढवला, ढासळू नये म्हणून पुढून जुनी लुगडी ताणून बांधली. शोकेस मोरासकट गाडलं गेलं. मध्ये उरली एक घळ. तिच्या एका टोकाला दोन खोकी, दुसऱ्या टोकाला खुर्ची.

त्या रविवारी दुपारी सुनंदा एका लग्नाला गेली होती. मी सहज एक जुनी गवळण लावली.

मी उठून उभा राहिलो. हे खरं सांगतोय, एखादं वडीलधारं माणूस घरात आलं की उठतो तसा उठलो. बाई समोर होती. खोक्यांच्या मध्ये, थोडी मागं, जिथं कापसाची भिंत होती तिथं. तिच्या तोंडाची उंची सांगता येत होती. पेटी उजवीकडे, तिचा भाता उघडताना होणारा श्वास वेगळा. तबलजी डावीकडे, बसलेला. खोकी नाहीतच, तिथं नुसतं लाकूड होतं, आवाजाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. भिंतींवरून परत येणारं सगळं कापसानं गिळलं होतं. एका कडव्याच्या आधी बाईनं हात हलवला आणि बांगड्या खाली ओघळल्या. त्या मनगटावरून कोपराकडे गेल्या हे मला दिसलं. ऐकू आलं नाही, दिसलं. आजवर ती गवळण मी शेकडो वेळा ऐकली असेल, बांगड्या कधी नव्हत्या.

मी रडलो. आता लिहिताना त्या रडण्याचाच राग येतो. माणूस आपल्या सुखासाठी रडतो तेव्हा त्याला वाटतं, आपण चांगले आहोत.

पंधरा-वीस दिवस संपले. दत्ता आला.

"आण्णा, काढायचा का माल? व्यापारी इचारतोय."

आमच्या घरात वडील गेल्यापासून माल कधी विकायचा हे मी सांगतो. मला शेतीतलं काही कळत नाही, पण मी थोरला आणि पेपर वाचणारा. दत्ता हे कधी वाद न घालता मानत आला. त्या दिवशी मी खुर्चीत बसलो होतो, त्याच खुर्चीत. मी म्हणालो, "थांब. भाव वाढंल."

मला भावातलं काहीही माहीत नव्हतं. पेपर मी त्या महिन्यात उघडलासुद्धा नव्हता. मला भिंती पाहिजे होत्या.

अशी खोटी गोष्ट इतकी सहज पचेल अशी जागा जगात दुसरी नसेल. सगळा तालुका थांबला होता. पानाच्या टपरीवर, एसटीत, मयतीला जमलेल्या माणसांत, सगळीकडे एकच, 'थांबा, वाढंल'. त्यात माझं 'थांब' मिसळून गेलं. कुणी विचारलं असतं तर मी जागतिक बाजारावर अर्धा तास बोललो असतो. दत्तानं विचारलंच नाही. "तुमी म्हणता तर थांबू," म्हणाला.

महिना गेला आणि घरात खाज सुटली. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, डोळ्याला दिसत नाहीत, अंगावर लाल गांध्या उठतात. सुनंदाची मान, कोपरं, पोटऱ्या ओरबाडून ओरबाडून सोलवटल्या. डॉक्टरनं मलम दिलं आणि म्हणाला, कापूस घराबाहेर काढा. ती थंडीच्या दिवसांत गच्चीवर गोधडी नेऊन झोपायला लागली.

"भाव वाढायची वाट बघताय का खाज वाढायची?"

"थोडं सोस. दत्ताच्या फायद्याचं आहे."

"दत्ताभावजींच्या?" ती खोक्यांकडं बघून म्हणाली. बायकोला नवऱ्याचं सगळं कळतं, ती फक्त वेळ राखून ठेवते.

एकदा तिनं उशी भरायला डाव्या बाजूचा थोडा कापूस काढला. तिथं पोकळी पडली, मागची भिंत उघडी झाली. मी संध्याकाळी येऊन खुर्चीत बसलो आणि खेकसलो, "कुणी हात लावला इथं? बाई डावीकडं सरकली!"

"कोण बाई?" सुनंदा आतून धावत आली. "कोण आलंय?"

मी तिला अडाणी म्हणालो. उशी फाडून कापूस परत त्या पोकळीत कोंबला. ती दारात उभी राहून मान खाजवत बघत होती. मला अजून वाटतं, त्या वेळी ती रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमच्या त्या बाईला खाज सुटत न्हाई का हो?"

पौषात दत्ता पुन्हा आला. या वेळी कापसाचं विचारायला नाही, सांगायला. परळीकडच्या रानातून ऊस ओढणाऱ्या एका ट्रॅक्टरवर तो कामाला लागला होता. माल विकलेला नाही, घरात हातात काही नाही, तोवर हंगामभर तेवढं काम. "आण्णानं थांब म्हणलंय तर थांबायचंय, मग बसून कशाला खायचं?" असं तो हसत म्हणाला. मी त्याला काय सांगायला पाहिजे होतं हे सांगायला शहाणा माणूस लागत नाही. मी म्हणालो, "जपून राहा."

ते उसाचे ट्रॅक्टर ज्यांनी पाहिले नसतील त्यांना सांगतो. मागं दोन ट्रॉल्या, पुढं झेंडूच्या माळा, आरसे, ड्रायव्हरच्या डोक्यावर झुलत्या गोंड्यांचं हूड, आणि हुडाच्या आत मधोमध बांधलेला भला मोठा स्पीकर. इंजिनाच्या वर आवाज जावा म्हणून तो कानठळ्या बसतील इतका लावतात, नाहीतर ड्रायव्हरला डुलकी लागते. दत्ता डाव्या बाजूच्या मडगार्डवर बसायचा. स्पीकर त्याच्या उजव्या कानाशी. तो ट्रॅक्टर माझ्या घरावरून जायचा. फाट्यापासून धाडधाड ऐकू यायचा, लोखंडी दार थरथरायचं, आणि माझी बाई, माझा पेटीवाला, माझा तबलजी, सगळे त्या लोंढ्यात वाहून जायचे. मी दात खाऊन म्हणायचो, या रानटी लोकांना कान आहेत का? त्या आवाजाखाली माझा भाऊ बसला आहे, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी शिवीच दिली.

फाल्गुनात भाव वाढला.

मी हे लिहून थांबलो होतो, कारण इथून पुढचं सांगायला मला जास्त लाज वाटते. भाव पडला असता तर मी आज बरा माणूस असतो. दत्तानं मला शिव्या दिल्या असत्या, मी माफी मागितली असती, फिटंफाट. पण भाव वाढला, चांगला वाढला, आणि ज्यांनी आधी विकला ते कपाळाला हात लावून बसले. दत्ता भर आठवडी बाजारात चहाच्या गाड्यावर माझ्या पाया पडला. "डोकं बघा आमच्या आण्णाचं! लोकं घायकुतीला आले, ह्यो माणूस हालला न्हाई." लोक माझ्याकडं आदरानं बघत होते. एक जण म्हणाला, "सर, तुरीचं काय करावं?" मी चहा प्यायलो. तो चहा गोड होता. 'तुरीलाही थांबा,' असं मी म्हणालो हेही सांगून टाकतो.

कापूस गेला आणि खोली पुन्हा टाकीसारखी वाजायला लागली. मी गोधड्या टांगल्या, गाद्या उभ्या केल्या, अंड्यांचे ट्रे चिकटवले. पुन्हा ती बाई आली नाही. आली तरी पुसट, ओल्या भिंतीवरच्या चित्रासारखी. आणि दत्ताचा मला राग येऊ लागला. तो आता हाकेला ओ देत नसे. मी बोलत असताना तोंड भलतीकडे करी. चालताना मुद्दाम माझ्या उजव्या हाताला येई. मला वाटलं, माल चांगला गेला, भाऊ शेफारला. एकदा चारचौघांत मी ओरडलो, "ऐकू येत न्हाई का बे?" तो हसला. हसून मान डोलवली.

पोळा होऊन गेल्यावर तो घरी आला होता. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्याला खुर्चीत बसवलं. माझ्या मनात असं होतं की त्याला ते एकदा ऐकवावं. ज्याच्यासाठी मी हे केलं ते त्याला कळलं तर सांगणं सोपं जाईल. कदाचित तो म्हणेल, आण्णा, ह्याच्यासाठी तर मी बी थांबवला असता. माणूस स्वतःच्या गुन्ह्याची किती सुंदर बाजू मांडतो बघा.

मी गवळण लावली. "आता डोळे मीट. बाई कुठं आहे सांग."

त्यानं डोळे मिटले आणि बोट डाव्या खोक्याकडं केलं. "ह्याच्यात."

"नीट बस. डोकं सरळ ठेव. मधी बघ, मधी."

"मधी काय न्हाई आण्णा. इकडंच वाजतंय."

मी तारा अदलाबदल केल्या. तरी डावीकडं. खुर्ची सरकवली, खोकी सरकवली, उजव्याचा आवाज वाढवला. तो प्रामाणिकपणे प्रत्येक वेळी डावीकडंच बोट करत होता आणि प्रत्येक वेळी त्याचं डोकं हळूच उजवीकडं वळत होतं, डावा कान पुढं करून. मी दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून सरळ केलं. मी म्हणालो, "गाढवा, एवढं साधं कसं कळत न्हाई तुला?"

माझे हात त्याच्या कानांवर होते. उजव्या कानावरचा हात मी काढला, त्याला कळलंही नाही. डाव्यावरचा काढला तेव्हा तो म्हणाला, "हां, आता येतंय."

खोलीत गवळण चालू होती. स्टिरिओला दोन कान लागतात. बाकी सगळं, कडा, स्टँड, भिंती, कापूस, हे नंतरचं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ट्रॅक्टर सोडला तवापासून. हुईल म्हणलं बरं." मग मला वाईट वाटू नये म्हणून तो म्हणाला, "एक हाय की आण्णा. एका कानानं बी बैलाचं घुंगरू ऐकू येतंय."

बीडच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, आतली नस दुखावली आहे, उजव्या कानानं आता जेमतेमच. परत येताना दत्ता मोटारसायकल चालवत होता, मी मागं. दोन्ही बाजूंना ज्वारीची हिरवी रानं, समोरून ट्रक. मी पुढं झुकलो, त्याच्या उजव्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि सगळं सांगितलं. त्या वर्षी मी भावासाठी थांबवलं नव्हतं. खोलीसाठी थांबवलं. तू ट्रॅक्टरवर गेलास तो माझ्या खुर्चीपायी गेलास. अगदी याच शब्दांत सांगितलं. त्यानं मान वळवली नाही. गाडीचा वेगही बदलला नाही. कुठल्या कानाशी बोलतोय हे मला ठाऊक होतं. पुढं कित्येक महिने मी मनाशी म्हणत राहिलो, मी सांगितलं आहे. त्याला ऐकू आलं नाही तो भाग वेगळा.

पुढच्या हंगामाला त्यानं गावात पत्र्याचं शेड घातलं आणि कापूस तिथंच ठेवला. भावाचं मला विचारलं नाही. सणाला येणं कमी झालं. मी सुनंदाला म्हणायचो, "शेतीच्या कामातून सवड होत नसेल त्याला." ती म्हणायची, "हूं." ती 'हूं' म्हणते तेव्हा मला भिंतीला डोकं आपटावंसं वाटतं.

या सोमवारी टेम्पो दारात उभा राहिला. यंदाच्या पावसानं शेडचा पत्रा गळायला लागला, खालचा थर भिजला, म्हणून उरलेला कापूस घेऊन दत्ता आला होता. चप्पल काढून उंबऱ्यात उभा राहिला, तसाच. सुनंदा आतून आली, तिनं एकदा कापसाकडं आणि एकदा खोक्यांकडं पाहिलं. तिच्या हातात लाटणं होतं. मी जाणतो की ती त्या लाटण्यानं कुणाला मारणार नव्हती, तरी मी दोन पावलं मागं सरलो.

खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. टेम्पोतला तो पांढरा ढीग पाहून माझ्या कानांत बांगड्या वाजल्या. मग स्वतःची अशी किळस आली की मी बाहेर गेलो. दत्ता टेम्पोला टेकून दोर सोडत होता, उजवी बाजू माझ्याकडं. मी टेम्पोला वळसा घालून पलीकडं गेलो. त्याच्या डाव्या बाजूला उभा राहिलो, समोर, त्याला माझं तोंड दिसेल असा.

"दत्ता, त्या वर्षी मी कापूस भावासाठी ठेवून घेतला नव्हता."

तो दोर सोडत राहिला.

"मला खोलीत पाहिजे होता. त्या खोक्यांसाठी. तू ट्रॅक्टरवर गेलास ते—"

"माहीत हाय," दत्ता म्हणाला. "बीडवरून येताना सांगितलंस की."

आजवर तो मला 'तुमी' म्हणायचा.

"कान अधू झालाय, मेला न्हाई. व्हट टेकवून बोललास, कसं ऐकू येणार न्हाई?"

"मग बोलला का नाहीस तेव्हा?"

"तू मला सांगत व्हतास का कानाला?" त्यानं गाठ दातानं ओढली. "म्हणलं बघू, आण्णा कधी तोंडापुढं येतो. लई येळ लावलास."

सुनंदा दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तिनं पदर खोचला आणि आत जाऊन जुनी लुगडी घेऊन आली, कापूस बांधायला.

मी म्हणालो, "मला शिव्या दे. काहीतरी बोल."

"बोलायला सवड न्हाई. ऊन चढायच्या आत माल उतरवायचाय." मग त्यानं खोलीत डोकं घालून चारी भिंती बघून घेतल्या, व्यापारी माल बघतो तशा. "ह्या टायमाला भाव मी बघणार. कुणी इचारलं तर तू बोलायचं न्हाई. आन खोकी उचल तुझी. दोन्ही. खुर्ची बी. मधी जागा सोडायची न्हाई, ठासून भरायचाय."

मी डावा स्पीकर स्टँडवरून उचलला. आतल्या आडण्यांनी तो फार जड झाला आहे, कंबर धरली. दत्ता उंबऱ्यात उभा होता. तो बाजूला झाला नाही. मी खोकं छातीशी धरून, अंग चोरून त्याच्या जवळून बाहेर पडलो. जिना चढून ते गच्चीवर नेऊन ठेवलं आणि दुसऱ्यासाठी खाली आलो, तोवर दत्तानं आणि टेम्पोवाल्यानं पहिलं गाठोडं आत सोडलं होतं, आणि उजवं खोकं कापसाच्या खाली गेलं होतं.

"राहू दे आता," दत्ता म्हणाला. "उन्हाळ्यात काढ."